कोचवर चेंडू मारायचा म्हणजे

निशी-कसाई या जपानी वस्तीत राहायला आलो तेव्हा नवऱ्याला ऑफिस होतं, मुलीला शाळा होती आणि मला काय, तर कचऱ्याचं वर्गीकरण. कंटाळून एका रविवारी शेजारणीबरोबर नदीकाठच्या मैदानावर बायकांच्या सॉफ्टबॉलला गेले. शिकवायला सत्तरीचे एक गृहस्थ होते, तरुणपणी व्यावसायिक बेसबॉल खेळलेले. सगळ्या त्यांना कोच म्हणायच्या. मी मनातल्या मनात काका.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नुसते चेंडू घरंगळत सोडले. मी शाळेतली खो-खोवाली, उकिडवं बसायला मला कसली लाज? काका खूश झाले. "जमिनीलगतचा चेंडू अडवायचा म्हणजे निम्मं काम वाकण्याचं. ते तुम्हाला येतंच," म्हणाले. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र त्यांनी माझा पिट्ट्या पाडला.

एकदा बार्लीचा गार चहा पिताना मी विचारलं, "तुम्ही खूप प्रसिद्ध होतात का हो?" काका हसतच सुटले. त्यांची बॅटिंग यथातथाच होती. संघ जेमतेम पुढे असला, की शेवटच्या दोन डावांत त्यांना आत पाठवत, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहून आघाडी सांभाळायला. तोवर बाकावर बसायचं आणि आत गेल्यावर एकही चूक करायची नाही.

"पेपरात माझं नाव यायचं ते चेंडू सुटला तरच," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात जराही कडवटपणा नव्हता. मला मात्र त्या संघाचा राग आला, अजूनही येतो.

खेळणं थांबल्यावर त्यांनी बरीच वर्षं होतकरू खेळाडूंना शिकवलं आणि मग आम्हा चाळिशीच्या बायकांना. आम्ही काय दिवे लावायचो ते आम्हालाच ठाऊक, पण काका कधी चिडले नाहीत. माझा त्यांच्यावर फार जीव होता.

या वसंतात त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर ते ओसाकाला मुलीकडे जाणार होते. शेवटच्या रविवारी म्हणाले, "आज तुम्ही मारा, मी अडवतो." त्यांना खेळाडू म्हणून निरोप हवा होता, बाकी काही नको. पद्धत अशी, की चेंडू सुटला तर "आणखी एक!" असं अडवणाऱ्यानंच ओरडायचं. एक नीट पकडला, की टोपी काढून मैदानाला वाकून नमस्कार करायचा आणि संपलं. बॅट त्यांनी माझ्या हातात दिली, कारण सगळ्यांत जोरात मी मारायचे.

आता वडीलधाऱ्या माणसावर, तेही ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर, जोरात चेंडू कसा मारायचा? माझा हातच उचलेना. मी हळूच टोलवला. काकांनी तो पायाशी येऊन थांबेपर्यंत नुसता बघितला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"मी पेशंट आहे का? खेळायला उभा आहे मी. मारा!"

मग मी दातओठ खाऊन मारला. सुटला. "आणखी एक!" पुन्हा मारला, पुन्हा सुटला. वाकताना त्यांचा चेहरा पिळवटत होता. तरी हळू मारायची माझी हिंमत नव्हती.

पुढचा त्यांनी इतका अलगद उचलला, की ग्लोव्हचा आवाजसुद्धा झाला नाही.

टाळ्या पडल्या, बायकांनी टोप्या काढल्या. काका ग्लोव्हमधल्या चेंडूकडे बघत राहिले. त्यांचा हात टोपीकडे गेलाच नाही. मग त्यांनी ग्लोव्ह उलटा केला, चेंडू मातीत पाडला आणि माझ्याकडे बघून ओरडले, "सुटला! आणखी एक!"

मी बाहीने डोळे पुसले आणि जोरात मारला.