जाऊबाईंची मुशी

मला खोटं बोलता येत नाही असं मी म्हणणार नाही. चांगलं येतं. सव्वीस वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून मी जाऊबाईंच्या शेजारी बसून मासे विकले आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. जाऊबाईंचं उलटं. त्यांना साधं "घरी नाहीत म्हणून सांगा" म्हटलं तरी त त प प होतं. आणि तरीही अख्ख्या मासळी बाजारात थापाडी म्हणून नाव कुणाचं, तर त्यांचं!

आमचा बाजार नदीला लागून. वर पत्रे, खाली सिमेंटच्या ओट्यांच्या दोन रांगा, मधून पाणी जायला मोरी. जाऊबाईंचा ओटा पहिला, नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी. त्या मासे विकण्यापेक्षा कापतात जास्त. लोक मासा कुठूनही घेवोत, कापायला त्यांच्याकडेच आणतात. मासा नुसता हातात घेतला की तो आजचा की कालचा, हे त्या कल्ला उचलायच्या आत सांगतात. आणि जिवंत असला तर किती वेळ तग धरेल तेही सांगतात. त्यात त्यांची चूक झालेली मी कधी पाहिली नाही.

तर सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लिलाव संपला होता, बायका ओटे धुवायला लागल्या होत्या. एक होडीवाला उशिरा आला आणि जाळ्यात अडकून मेलेला एक मासा त्यानं जाऊबाईंच्या ओट्यावर आदळला. माणसाच्या उंचीचा, राखाडी, अंगावर ना ठिपका ना पट्टा. "हे काय आहे मला माहीत नाही, तुम्हीच काय ते करा," म्हणाला आणि गेला. पुढे तो गाव सोडूनच गेला, त्यामुळे साक्षीला तोही नाही.

जाऊबाईंनी बघताक्षणी ओळखलं. मुशी! म्हणजे शार्क हो. आता मुशी असते समुद्रात, आणि समुद्र आमच्यापासून होडीनं दोन दिवसांवर. दुसरं कुणी असतं तर चार माणसं गोळा केली असती, आरडाओरडा केला असता. पण जाऊबाई पडल्या कापणाऱ्या. ओट्यावर मासा आला की हात सुऱ्याकडे जाणारच. डोकं वेगळं केलं, कातडं सोललं, तुकडे केले आणि दुपारपर्यंत सगळी मुशी विकून मोकळ्या!

दुसऱ्या दिवशी त्या सांगायला लागल्या की काल तुम्ही खाल्लीत ती मुशी होती, नदीतली मुशी. लोक म्हणाले, छे, नदीतलाच मोठा शिंगाळा मासा असेल. पुरावा सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला आणि वर तोंड पुसून विचारलं, पुरावा कुठाय?

पुरावा होता. मुशीचं डोकं त्यांनी कातड्या-आतड्यांच्या बादलीतून जपून घरी आणलं होतं आणि दातांचा जबडा सुटा व्हावा म्हणून भाऊजींच्या कारखान्याच्या पत्र्यावर वाळत ठेवलं होतं. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, सुतार. घराच्या मागेच त्यांचा कारखाना आणि त्याच्या मागे नदी. पण तिसऱ्या दिवशी पत्र्यावर डोकं नाही! जाऊबाईंनी ठरवून टाकलं की शेजारच्यांच्या कुत्र्यानं पळवलं. त्या दिवसापासून त्या कुत्र्याला ज्या शिव्या सुरू झाल्या! तो कुत्रा म्हातारा होऊन मेला, त्याची पिल्लं मोठी झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली, पण शिव्या काही थांबल्या नाहीत.

आणि बाजारात त्यांची झाली मुशीकाकू. त्यांच्या मागच्या रांगेत एक जाळेवाला बसतो, आम्ही त्याला बडबड्या म्हणतो. त्यानं तर रोजचं करून ठेवलं, "काय मुशीकाकू, आज देवमासा नाही का आला?" मेला स्वतः त्या दिवशी दोन किलो घेऊन गेला होता! जाऊबाई सुरा उगारायच्या, सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचे. का, ते आता सांगते.

काही महिन्यांपूर्वी एक तरुण बाई बाजारात आल्या. पाण्याच्या, प्राण्यांच्या अभ्यासाचं काम करतात, होडीत बसून नदीचं पाणी बाटल्यांत भरतात. लगेच बाटलीवाल्या मॅडम असं नाव पडलं. त्या प्रत्येकाला विचारत होत्या, नदीत कधी काही वेगळं पाहिलंत का. बडबड्यानं हसत हसत जाऊबाईंकडे बोट दाखवलं.

मॅडम हसल्या नाहीत. खाली पाय दुमडून बसल्या आणि वही उघडली. "डोळे केवढे होते?"

"एवढ्या मोठ्या धुडाला वाटाण्याएवढे," जाऊबाई म्हणाल्या.

मॅडमचं पेन थांबलं. त्या म्हणाल्या, नदीत राहणारी मुशीची जात खरंच असते. गढूळ पाण्यात राहते, डोळे बारीक असतात. जगात फार कमी जणांना दिसलीय, उरल्यात त्याही थोड्याच. "पण काकू, आणखी कुणी पाहिलंय का? एकाच माणसानं सांगितलं तर मला वहीत 'ऐकीव' असं लिहावं लागतं."

"ऐकीव?" जाऊबाईंचा आवाज चिरकला. "अहो, कोपरापर्यंत हात होते माझे तिच्या पोटात! ऐकीव काय?" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षं सगळा बाजार हसत होता तेव्हा बाई रडली नव्हती. त्या एका शब्दानं रडली.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मी पाहिलंय. डोकं. कुत्र्यानं नाही नेलं. मी नदीत फेकलं."

जाऊबाईंचा सुरा माशात अर्धवट तसाच राहिला.

मी तेव्हा नवी होते, शिंप्याच्या घरातून आलेली. चौथा महिना चालू होता, डोकं ठेवलं होतं नेमकं माझ्या खिडकीसमोर, आणि त्याचा तो वास! दोन दिवस पोटात पाण्याचा घोट ठरला नाही. चौथ्यांदा ओकारी आल्यावर उठले, डोकं पत्र्यावरून काढलं आणि दिलं भिरकावून. मग जाऊबाईंनी जो आकांत केला तो बघून जीभच उचलेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता माझी मुलगी पंचवीस वर्षांची झाली.

"तो कुत्रा नव्हता?" जाऊबाईंनी हळूच विचारलं.

"नव्हता."

"मी त्याच्या पोरांनासुद्धा..."

"हो."

पुढे काय झालं असतं देव जाणे, पण मॅडम मध्ये पडल्या. "तुम्ही सांगा, डोळे केवढे होते?" मी म्हटलं, शर्टाच्या बटणाएवढे. थोबाड बोथट, रुंद, खालचे दात बारीक भाल्यासारखे. त्या भराभर लिहीत गेल्या आणि म्हणाल्या, कुठून फेकलंत ते दाखवाल?

आम्ही तिघी घरी आलो. भाऊजी खुर्चीच्या हातावर रंधा मारत होते. भाऊजी दिवसाला दहा वाक्यं बोलतात, त्यातली चार लाकडाशी. मी कारखान्याची नदीकडची खिडकी दाखवली. "इथून. डोकं फेकलं आणि बादलीतलं कातडंही सगळ्या घाणीबरोबर ओतलं."

"कातडं नाही," भाऊजी म्हणाले.

आम्ही वळून बघितलं.

"कातडं बादलीत नव्हतं. मी काढून घेतलं होतं." आणि त्यांनी फळीवरून एक लाकडी ठोकळा उचलून मॅडमच्या हातात दिला. ठोकळ्याला राखाडी, खरखरीत कातडं खिळ्यांनी ठोकलेलं. "पॉलिश पेपर दोन दिवसांत झिजतो. हे अजून चाललंय."

गावातल्या निम्म्या खुर्च्या, पाळणे, दारं त्या कातड्यानं घासून गुळगुळीत झाली होती. मी ज्या पाळण्यात माझी मुलगी झोपवली तोसुद्धा!

"अहो!" जाऊबाईंचा आवाज पार नदीपलीकडे गेला असेल. "सव्वीस वर्षं मी तुमच्यासमोर घसा फोडतेय, पुरावा नाही, पुरावा नाही!"

"तू पुरावा म्हणत होतीस," भाऊजी शांतपणे म्हणाले. "कातडं कुठे म्हणालीस?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना लाकडाच्या भुशावरच बसावं लागलं.

कातड्याचा तुकडा तपासायला गेला. जाऊबाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. शेजारचा ओटा, त्यामुळे निरोप गिऱ्हाइकांमार्फत. "त्या बाईंना सांगा, त्यांची टोपली माझ्या जागेत आलीय." नवव्या दिवशी त्यांनी चहाचा अर्धा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, त्या कुत्र्याच्या वंशाला रोज एक मासा द्यायचा, तुझ्या टोपलीतला. मी म्हटलं, दिला. अजून देतेय. कुत्रा माजलाय नुसता.

महिन्यानं मॅडमचा फोन आला. कातडं मुशीचंच, यात शंका नाही. पण तेल आणि पॉलिश इतकं मुरलंय की जात कळत नाही. आणि समुद्रावरून कुणी कातडं आणलं असेल असं कुणी म्हटलं तर उत्तर नाही. नदीतली मुशी दाखवायची तर एक अख्खी, डोळ्यांसमोर हवी.

"म्हणजे आता मी अर्धीच थापाडी," जाऊबाई म्हणाल्या. आम्ही हसलो. मग सुरा धुता धुता त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "थोड्याच उरल्यात म्हणाली ना गं ती? आणि मी त्यातली एक तुकडे करून विकली." मी त्यांचा ओटा धुवून दिला.

आणि मग गेल्या महिन्यातली ती सकाळ. लिलाव ऐन रंगात होता आणि खाली पायऱ्यांवरून बडबड्याची बोंब ऐकू आली. शब्दच फुटत नव्हते त्याला. "मु... मु..." जाळं ओढत वर आला आणि जाऊबाईंच्या ओट्यावर ठेवलं. हातभर लांब, राखाडी, बोथट थोबाड, बटणाएवढे डोळे. जिवंत! पाठीवरचे दोन्ही पर ताठ.

सगळा बाजार लोटला. लिलाव करणारा बोली सोडून आला. मी माझ्या बिनकॅमेऱ्याच्या डबड्यावरून मॅडमना फोन लावला. त्या ओरडल्याच, "टबात ठेवा, मी तासाभरात पोचते, मी येईपर्यंत सोडू नका!"

मी ते जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी मुशीच्या कल्ल्यांकडे बघितलं. बोटं हलकेच ठेवली.

"तास नाही काढणार ही," त्या म्हणाल्या. "एवढासा वेळ आहे हिच्याकडे."

"मुशीकाकू, वेड लागलंय का?" बडबड्या कळवळून बोलला. "हीच तर तुमची साक्ष! थांबा, निदान फोटो तरी! माझा फोन होडीत राहिलाय, पळत आणतो!" बाकीच्यांचेही फोन ओल्या हातांना घाबरून गल्ल्याच्या डब्यात, पिशव्यांत. जो तो धावला.

जाऊबाई थांबल्या नाहीत. त्यांनी ओलं गोणपाट ओढलं, मुशीला त्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि पायऱ्या उतरल्या. साठीची बाई, लुगडं-चप्पल कशाची पर्वा नाही, कमरेइतक्या पाण्यात गेल्या. मी मागे. गोणपाट माझ्याकडे दिलं आणि मुशीला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांवर धरून उभ्या राहिल्या. तिच्या खरखरीत अंगानं त्यांचे हात सोलवटून निघाले, तरी हलल्या नाहीत.

"जा गं," त्या म्हणाल्या. "नाही बसला कुणाचा विश्वास तर नाही बसला. तू जा."

कल्ले हलले. मग शेपटी. मग एकदम एक झटका, आणि हातांवर फक्त पाणी. मी तिथेच पाण्यात उभी राहून ढसाढसा रडले, आणि जाऊबाई माझ्याकडे बघून हसत होत्या. वर पायऱ्यांवर सगळा बाजार टाळ्या वाजवत होता. बडबड्या फोन घेऊन पोचला. त्याच्या फोटोत पाणी आलंय, आणि माझी पाठ.

मॅडम धापा टाकत आल्या. "कुठाय?" जाऊबाईंनी नदीकडे बोट दाखवलं. मॅडमनी जाऊबाईंचे सोललेले हात हातात घेतले आणि म्हणाल्या, बरोबर केलंत. मुशीच्या अंगाचं काही लागलं असेल म्हणून गोणपाट त्यांनी तसंच ओलं पिशवीत भरून तपासायला नेलं. त्याचं उत्तर अजून यायचंय. जाऊबाई विचारतही नाहीत. कारण त्या दिवशी मॅडमच्या वहीत एकतीस जणांनी सांगितलं, आणि सगळे एकदमच बोलत होते: डोळे एवढे, थोबाड असं, पर तसे. जाऊबाई मात्र ओट्यावर बसून बांगड्यांपर्यंत हळद लावत मजेत ऐकत होत्या. बडबड्यानं कानाची पाळी धरून माफी मागितली. "दोन किलोचं काय?" एवढंच त्यांनी विचारलं.

संध्याकाळी मी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं, नदी, मुशी, बटणाएवढे डोळे. ती म्हणाली, "आई, काहीही हं!"

"अगं, माझ्या या डोळ्यांनी बघितली!"

"बरं, फोटो दाखव."

फोटोत तर पाणी आणि माझी पाठ! जाऊबाई समोर बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. आधी खांदे हलायला लागले, मग अशा हसत सुटल्या की डोळ्यांतून पाणी, ठसका, भाऊजी पाणी घेऊन धावले.

"आता काढ," हसता हसता त्या मला म्हणाल्या, "काढ तूही सव्वीस वर्षं!"