माळ संपेपर्यंत
मिरी भाजल्याचा वास आला की मला कुंभकोणममधल्या माझ्या घरमालकीणबाई आठवतात. त्या ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना टीचर म्हणत. एका रविवारी त्यांच्या मुलीला पाहायला मंडळी यायची होती, म्हणून सकाळीच मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले. खाटकाने पुढे केलेला बीफच्या बरगड्यांचा तुकडा त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. “चरबी पिवळी आहे, जनावर म्हातारं असणार. आतला दाखवा,” त्या म्हणाल्या, आणि पांढऱ्या चरबीचा घट्ट तुकडा निघेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. घरात ओव्हन नव्हता. मिरी-लसूण चोळून त्यांनी तो जाड पितळी पातेल्यात ठेवला, खाली मंद जाळ, झाकणावर निखारे. पाहुणे आले तेव्हा घरभर वास सुटला होता. मांस उतरलं तशी मी सुरी उचलली, तर त्यांनी ती काढून घेतली. “आत्ता कापलंस तर सगळा रस ताटात जाईल. आधी जपमाळ.” मुलाच्या वडिलांना दोनची बस गाठायची होती, ते सारखे घड्याळ बघत होते. मुलगी रडवेली झाली. टीचरनी एकही मणी गाळला नाही. मग त्यांनी कापलं, आणि ताट कोरडंच राहिलं. वडिलांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं, बस जाऊ दिली, आणि हात धुतल्यावर लग्नाची तारीख स्वतःच काढली. आता माझ्याकडे ओव्हन आहे, त्याला टायमरही आहे. पण रोस्ट बाहेर काढला की मी, घर सोडताना टीचरनी दिलेली माळ हातात घेते. प्रार्थना मला येत नाही. नुसते मणी ओढते, आणि तोवर सुरीला कोणाला हात लावू देत नाही.