नजरेआड न गेलेलं कार्ड

अण्णा, म्हणजे माझे वडील, मनमाडला रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर मी त्यांना नाशिकला आणलं, पण जीव तिकडेच अडकलेला. दर थंडीत त्यांचे जुने सोबती रेल्वेच्या पासावर कुठेतरी फिरायला जायचे आणि अण्णा वर्षभर त्या एका प्रवासाच्या आशेवर असायचे.

त्यांच्यात एक रीत होती. निघताना प्रत्येकानं सारखे पैसे एका खाकी पिशवीत टाकायचे. पिशवी ड्रायव्हरकाकांच्या गळ्यात. काका आणि अण्णांनी अर्धं आयुष्य एकाच मालगाडीवर काढलं होतं. काका पुढे इंजिनात, अण्णा मागे ब्रेकव्हॅनमध्ये. चहा, लॉज, औषधं, सगळं त्या पिशवीतून व्हायचं. कुणावर जास्त खर्च झाला हे कुणी काढायचं नाही.

मला ती पिशवी गबाळी वाटायची. मी कंपनीच्या कामानं परदेशात जाऊन आलो होतो. तिथे एका हॉटेलात जेवणानंतर वेटर माझं कार्ड आत घेऊन गेला आणि मी ऐटीत बसून राहिलो. परत आल्यावर, मी कधी न पाहिलेल्या गावात त्या कार्डावर खरेदी झाल्याचं कळलं. पैसे पुढे परत मिळाले, पण बँकेतल्या माणसानं विचारलं होतं, "साहेब, कार्ड नजरेआड गेलं होतं का?" तो प्रश्न मला फार लागला. तेव्हापासून मी या विषयातला जाणकार झालो. घरात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी लोकांना कार्ड कसं सांभाळावं ते सांगायचो.

पुढे चिपचं नवं कार्ड आलं, तेव्हा त्याच खात्यावर अण्णांच्या नावानं आणखी एक घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना समोर बसवलं.

"कार्ड कुणाच्या हातात द्यायचं नाही. मशीनपर्यंत स्वतः जायचं. सही स्वतः करायची. कार्ड नजरेआड जाऊ द्यायचं नाही. आणि यंदा त्या पिशवीत पैसे टाकू नका."

रेल्वेत फोनवर निरोप घेणारा तो शब्दाला शब्द परत म्हणून दाखवतो. अण्णांनीही माझं सगळं परत म्हणून दाखवलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. पिशवीपाशी मात्र किंचित अडखळले. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

मी अण्णांना सोडायला मनमाडला गेलो. फलाटावर काकांनी सवयीनं पिशवी पुढे केली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी यंदा कार्डावर आहे," ते म्हणाले.

"कार्डावर? रेशनच्या का?" काका म्हणाले. सगळे हसले. "पोरानं गार्डालाच वॅगनसारखं सील मारलं रे! नीट उतरवा बरं, लय महागाचं पार्सल हे."

अण्णाही हसले. पण गाडी सुटेपर्यंत ते त्या घोळक्याच्या थोडे बाहेरच उभे होते.

नंतर दक्षिणेतल्या एका गावातून भरदुपारी काकांचा फोन आला. मी ऑफिसात होतो. अण्णांच्या छातीत दुखू लागलं होतं, त्यांना एका छोट्या दवाखान्यात नेलं होतं.

"आधी पैसे भरा म्हणतात, मग पुढचं," काका म्हणाले. "मशीन खाली हे, टेलिफोनच्या वायरीला जोडलेलं, वर येत नाय. गार्डसाहेब वरच्या खोलीत. कार्ड मुठीत धरलंय, सोडतच नाय. पिशवीतून भरतो म्हटलं तर म्हणतो, माझे पैसे नाहीत त्यात. तू सांग त्याला."

मी एवढंच म्हणायला हवं होतं की काका, तुम्ही भरा. किंवा, अण्णांना म्हणावं, द्या कार्ड काकांना. त्याऐवजी मी म्हणालो, "काका, सही त्यांचीच लागेल. त्यांना खुर्चीवर बसवून खाली नेता येईल का? म्हणजे कार्ड त्यांच्या डोळ्यांसमोरच राहील."

काकांनी आवाज खाली आणला.

"छातीत दुखतंय रे त्याच्या."

"हो, पण पाच मिनिटांचं तर काम आहे."

काकांनी फोन ठेवला. माझा निरोप त्यांनी शब्दाला शब्द पोचवला असणार. दोघांना शिकवणच तशी होती. अण्णांना खुर्चीतून जिन्यावरून खाली नेलं. त्यांनी सही केली, कार्ड परत घेऊन खिशात ठेवलं आणि वर नेताना जिन्यातच त्यांची शुद्ध गेली.

ते वाचले. पण हृदय कमजोर झालं ते झालंच. त्या खाली-वर करण्यानं किती नुकसान झालं, असं मी नाशिकच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. त्यांनी दोष दिला असता तर मला तो घेता तरी आला असता.

घरी आल्यावर अण्णांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "एकदाही नजरेआड गेलं नाही," म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. काम संपल्यावर गार्ड आपला अहवाल देतो, तसं ते म्हणाले. म्हणूनच मला तिथे उभं राहवेना.

मी सांगितलेले नियम सगळे बरोबर होते. आजही आहेत. आता कार्ड नुसतं मशीनला टेकवलं की झालं, आणि मी मुलीला अजून तेच सांगतो: स्वतः टेकव, दुसऱ्याच्या हातात देऊ नको. ती हसून हो म्हणते. पण काकांना मी त्या वेटरच्या रांगेत बसवलं, हे कुठल्या नियमात बसत होतं? काकांना ते फोनवरच कळलं होतं. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत. भांडण झालं नाही, फक्त निरोप यायचे थांबले.

पुढच्या थंडीत एका सकाळी अण्णा गॅलरीत शाल घेऊन बसले होते.

"निघाले असतील सगळे एव्हाना," ते म्हणाले.

"मी काकांना फोन करू का? डॉक्टरांना विचारून पुढच्या वर्षी तुम्ही..."

अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"करून काय सांगशील?"

मी फोन हातात घेऊन उभा राहिलो. अण्णा शाल सावरून पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.