शेड सांभाळणारी साळू

पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या ठाकूरवाडीतली साळू कमळाकरशेटच्या पोल्ट्रीवर कामाला होती. शेडमध्ये शिरण्याआधी ती दारातूनच हाळी द्यायची, "आले गं बायांनो, आले!" रस्त्यानं जाणारे हसायचे. पण पोल्ट्रीतले पांढरे पक्षी, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या, मोठे भित्रे. कुणी अचानक आत आलं की घाबरून एका कोपऱ्यात धावतात, एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. साळूचा आवाज आला की मात्र ते जागच्या जागी माना वर करून बघत राहायचे.

पोल्ट्रीच्या आधी ती आणि तिचा नवरा चांगो दरसाल दिवाळी झाली की वीटभट्टीवर जात. भट्टीवरच्या खोपटातच तिची दोन्ही बाळंतपणं झाली. शेडवर काम मिळालं आणि पहिल्यांदाच तिला वर्षभर स्वतःच्या घरात निजायला मिळालं. म्हणून तिचा त्या शेडवर जीव.

कमळाकर नवीन पनवेलला लागून असलेल्या विचुंब्याचा. तिथल्या भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्यावर त्यानं इथं डोंगराखाली जागा घेऊन शेड बांधली. पिल्लं आणि खाद्य एक कंपनी द्यायची. दीडेक महिन्यात पक्षी वाढले की कंपनीचीच गाडी येऊन माल उचलायची. शेट तोंडानं फटकळ, पण त्याच्या घरी कोलंबी आली की बायको गुणाबाई साळूच्या वाट्याचा डबा वेगळा काढायची आणि तो डबा शेट न सांडता आणायचा.

दोन हजार वीसच्या शिमग्याच्या सुमाराला कुणीतरी फोनवर अफवा सोडली की कोंबडी खाल्ली की कोरोना होतो. झालं. पनवेलात चिकनच्या दुकानांवर माश्या घोंघावायला लागल्या. पक्षी तयार होऊन बसलेले आणि कंपनीची गाडी काही येईना. साळू रोज रस्त्याकडे डोळे लावून बसायची. पक्षी इतके जड झाले की त्यांना पाय पेलवेनात. पाण्यापर्यंत जाता जाता वाटेतच बसायचे. ती एकेकाला उचलून पाण्याशी नेऊन ठेवायची. खाद्य संपत आलं तेव्हा तिनं घरातल्या कण्या आणल्या, वाडीतून कोंडा मागून आणला. पण एवढ्या चोचींना तो किती पुरणार?

एका दुपारी शेट आला, तो शेडच्या दाराशीच थांबला.

"साळू, उद्या जेसीबी येतंय. खड्डा मारायला."

"खड्डा कशाला?"

"कशाला म्हंजे? खाद्य नाय. कंपनीवाला फोन उचलत नाय. बाजारात कोन फुकट घेत नाय. यांना काय खायला घालू, माझं काळीज?"

"जिती हायत ती, शेट."

"मना काय दिसत नाय?" तो ओरडला आणि पालथ्या बादलीवर मटकन बसला. साळूनं त्याला पाणी दिलं. मग म्हणाली, "एक दिवस थांबा. मी वाडीत विचारते, कुनी नेतं का."

वाडीत तिनं विचारलं खरं, पण बातमी तिथंही पोचलेली. "नको गं बाय, रोग हाय त्यात," बाया म्हणाल्या. साळूनं वाद घातला नाही. एक पक्षी आणून कापला, अंगणात तीन दगडांची चूल मांडली, मिरची-लसूण वाटून रस्सा केला आणि सगळ्यांसमोर जेवायला बसली. चांगो वासानं कासावीस झालेला, पण हात पुढे करायला घाबरत होता. तिनं त्याला आग्रह केला नाही. अख्खी वाडी कुडाला टेकून ती कशी जेवते ते पाहत होती.

सकाळी ती नळावर गेली तेव्हा तिच्याआधीच गर्दी.

"बरी हायस ना?" एकीनं विचारलं.

"बरी नसायला काय झालं? मीठ तेवढं कमी पडलं होतं."

बाया हसल्या आणि घरून टोपल्या घेऊन थेट शेडकडे निघाल्या. पलीकडच्या वाड्यांवर सांगावा गेला. भट्टीवरची माणसं आली. शेट दारात उभा राहून स्वतःच्या हातानं पक्षी देत होता, "जपून ने, पाय नको ओढू त्याचा," असं सांगत. तरीही सगळे गेले नाहीतच. कित्येक उष्म्यानं आणि उपासमारीनं आधीच मेले होते. ते जेसीबीनं मारलेल्या खड्ड्यात गेले. माती ओढली गेली तेव्हा साळू डोंगराकडे तोंड करून उभी होती.

आणि थोड्याच दिवसांत सगळं बंद झालं. भट्ट्या बंद, बांधकामं बंद, नेऱ्याचा बाजार बंद. अजून भट्टीवर जाणारा चांगोही घरी बसला. पण वाडीत दारोदार एखाददुसरा पांढरा पक्षी बांधलेला होता. त्यांच्यावर आणि रानातल्या कंदांवर वाडीनं ते दिवस काढले. ज्यांनी नाक मुरडलं होतं त्याच बाया साळूला अंगणात बोलावून रश्शाचा पहिला वाटा द्यायला लागल्या.

शेट विचुंब्यात अडकला होता. शेडची किल्ली साळूकडे. रोज सवयीनं ती जायची, झाडून यायची. रिकाम्या शेडमध्ये तिला करमेना. वाडीतल्या गावठी कोंबड्यांची पिल्लं मुंगूस आणि रानमांजरं नेत होती. तिनं विचार केला, एवढं जाळीचं घर ओस पडलंय. स्वतःच्या कोंबड्या तिथं नेल्या, मग शेजारणींच्याही. कोपऱ्यात भाताचं तूस पसरून खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या. बघता बघता शेडमध्ये पुन्हा चिवचिव सुरू झाली.

मे महिन्यात शेट कसाबसा परवानगी काढून आला. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. तोवर बाजार उलटा फिरला होता. भीती ओसरलेली, लोकांना चिकन हवं होतं, पण सगळ्यांनीच पक्षी पुरलेले, त्यामुळे ते मिळत नव्हतं. तो चडफडतच शेडशी आला, तर आतून कोंबडा आरवला.

"माझ्या शेडमधी कोनाच्या कोंबड्या?"

"आमच्या," साळू म्हणाली. तिनं नजर खाली घातली नाही. "रिकामं घर खायला उठतं, शेट. घालवू काय बाहेर?"

शेट आत गेला. एक तांबडी कोंबडी पिल्लं पंखाखाली घेऊन त्याच्याकडे रागानं बघत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, तशी तिनं पिसं फुलवून चोच उगारली. "मायला," तो म्हणाला, "ही तर मनाच हाकलते." आणि इतक्या दिवसांनी हसला.

जाताना साळूनं त्याच्याबरोबर अंडी दिली. गुणाबाईनं ती शेजारच्या इमारतीतल्या आजारी बाईला दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्या इमारतीतून विचारणा सुरू झाली. आजारात अंडी खा, असं जो तो सांगत होता, आणि नवीन पनवेलात गावठी अंडी मिळणं मुश्कील. शेट पुन्हा आला तेव्हा स्वतःहून म्हणाला, "शेड माझी, कोंबड्या तुमच्या. अर्धं अर्धं करू. चालल?"

"चालल. पन शेजारणींचं पयलं द्यायचं, मग आपलं."

गणपती झाल्यावर कंपनीचा माणूस गोड बोलत आला, पिल्लं देतो म्हणाला. शेटनं त्याला साळूकडे पाठवलं. शेटला वाटलं, ती नको म्हणेल. पण त्या पांढऱ्या पिल्लांचा काय दोष, असं तिला वाटत होतं. "अर्ध्या शेडपुरती आना," ती म्हणाली. "पन आधी पुरं खाद्य भरायचं. पिल्लं मागून." तो माणूस शेटकडे बघायला लागला. शेट डोंगराकडे बघत राहिला.

आता शेडला मधोमध जाळी आहे. एका बाजूला पांढरे पक्षी, दुसऱ्या बाजूला गावठी. गुणाबाई फोनवर मागणी घेते, शेट स्कूटरवरून अंडी पोचवतो. मध्यंतरी नवीन पनवेलातल्या एका गतिरोधकावर त्याची स्कूटर उडाली आणि ट्रेमधली निम्मी अंडी फुटली. साळूनं त्याला दारातच धरलं.

"हळू चालवता येत नाय काय? पाठीमागं काय विटा बांधल्यात?"

"शेट मी हाय का तू?" कमळाकर गुरगुरला.

"शेट तुमीच," साळू म्हणाली आणि नवीन ट्रे त्याच्या हातात ठेवला. "अंडी माझी हायत."