हिची चाल

शिलाई मशीन दुरुस्त करणारा तो माणूस भारी तिखट कानाचा. चाक नुसतं फिरवलं, की कुठला स्क्रू ढिला ते सांगायचा. रविवारी हाच कान चर्चच्या कामी यायचा. तीस वर्षं गायनमंडळ त्याच्या हाती, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. कुठलं गाणं म्हणायचं, कुठलं नाही, ते तोच ठरवायचा. पाळकांना काय, सूर आणि भोंगा सारखाच!

त्याच्या घरात रेडिओ नव्हता. "ज्या तोंडानं प्रभूची स्तुती, त्या तोंडात बाजारू गाणं नको," म्हणायचा. बायको गेली, पण हा नेम काही गेला नाही. मुलगी मात्र लाँड्रीत इस्त्री करायची, आणि तिथे दिवसभर रेडिओ. कानाला काय झाकण असतं?

आई गेल्यावर मुलीनं एक प्रार्थना लिहिली आणि लाँड्रीतल्या रेडिओवरच्याच एका गाण्याच्या सुरावर बसवली. शनिवारी सरावाला ती उभी राहिली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच मास्तरनं हात वर केला.

"थांबा. हिची चाल बरी नाही," तो सगळ्यांना म्हणाला. "मला आधीच संशय होता. नाचगाण्याच्या ठिकाणची आहे."

नेमकी तेव्हाच बेकरीवाल्याची आई दारात आली होती. तिच्या मुलाशी हिचं लग्न ठरलेलं. तिनं एवढंच ऐकलं आणि आल्या पावली माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी निरोप आला: लग्न मोडलं.

मास्तर धावत बेकरीत गेला. "अहो विहीणबाई, मी गाण्याची चाल म्हणालो! पोर सोन्यासारखी आहे माझी."

"विहीणबाई कोणाला म्हणता?" पाव मोजता मोजता ती म्हणाली. "बापाच्या तोंडून निघालं ते कापड. आता लावताय ते ठिगळ."

पाळकही जाऊन आले. तोवर गावभर झालं होतं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

घरी मुलगी भाकरीचं पीठ मळत होती. त्याला रडू आवरेना. "चुकलो गं, बाळ. शब्द चुकला."

"शब्द कुठे चुकला, बाबा? कान तेवढा लावलात." ती वर न बघता म्हणाली. "आईसाठी काय मागितलं होतं मी देवाकडे, ते वाचलं होतं का तुम्ही?"

त्यानं वाचलं नव्हतं. तीस वर्षांत कित्येकांची गाणी त्यानं अशीच सुरावरून परत धाडली होती.

"दे तो कागद. आत्ता वाचतो."

"जाळला. आणि आता आठवायचंही नाही मला."

ती अजून चर्चला येते. बापाच्या शेजारी उभी राहते, वही उघडते, पान उलटते. सगळे गातात तेव्हा हिचे ओठ मिटलेले. मास्तर हाताने ताल धरतो, पण त्याचा कान तिच्याकडेच लागलेला. परवा हळूच म्हणाला, "कोणतंही गा, बाळ. रेडिओवरचं गा."

तिनं मान हलवली, नाही म्हणून, आणि पुढचं पान काढून दिलं.