अध्यक्षांचे सत्काराचे फोटो

दुष्काळात दूध सोसायटीच्या बोअरला पाणी होतं. आमचं मत विरोधी पॅनलला गेलं म्हणून अध्यक्षांनी माझ्या आईला रिकाम्या घागरीनं परत पाठवलं. पुढं त्यांची सत्ता गेली. त्यांचा जुना कॉम्प्युटर सोसायटीनं विकायला काढला, तेव्हा मी तो माझ्या टायपिंगच्या दुकानासाठी घेतला.

तो साफ करायला बसले, तेवढ्यात ते माजी अध्यक्ष पेनड्राइव्ह घेऊन आले.

"ताई, माझ्या सत्काराचे फोटो त्यात हायेत. पुसायच्या आधी तेवढे काढून द्या."

मी त्यांना खुर्ची दिली, स्क्रीन त्यांच्याकडं वळवली आणि त्यांच्यादेखत सगळं पुसून टाकलं.

"कावून असं केलं?"

मी आईचं नाव सांगितलं. ते उठून गेले. मला लई बरं वाटलं, आजही वाटतं.