डोंगा त्याला जवळ येऊ देईना

इथले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसते. मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. भूत, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टी घरात कुणी काढल्या की मी उठून जायची. आजही माझा विश्वास आहे असं नाही. फक्त एका रविवारी जे डोळ्यांनी पाहिलं ते मला खोडता येत नाही, आणि आता ते लिहून टाकावंसं वाटतंय.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. आम्ही धरमपेठेत राहायचो — आई, मी आणि माझा धाकटा भाऊ विलास. मी कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. विलासला कोराडीला वीज केंद्रात नोकरी लागली होती, तिथंच कॉलनीत राहायचा. शनिवारी बसनं घरी आला की आधी डोकं धुवायचा, केसांतून राखेचं काळं पाणी निघायचं. आणि रविवारी घरात थांबेल तर शपथ! सायकल काढायची आणि कुठलंतरी जंगल, टेकडी, तलाव गाठायचा. सोबत कायम दिलीप, त्याच्या शेजारच्या क्वार्टरमधला. बोलघेवडा, सगळ्यांचा लाडका.

रामटेकच्या पुढं जंगलाच्या कडेला एक जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेला, तलाव आहे. मोठा, मधोमध झाडीचं एक बेट. ते दोघं एका रविवारी डोंग्यातून त्या बेटावर गेले, आणि विलास बुडाला.

दिलीपनं सांगितलं, "मी हात जोडून म्हटलं, पाण्यात नको उतरू गा. ऐकलंच नाही त्यानं. मले पोहून दाखवतो म्हणे."

सगळ्यांनी ते मानलं. पोलिसांनीही. तेराव्याला दिलीप आमच्याकडे जेवला, आणि माझ्या विलासच्या मस्तीच्या गोष्टी सांगून त्यानं नातेवाइकांना रडवलं. आईनं त्याला विलासची सायकल देऊन टाकली. तेव्हापासून आईनं विलासचं नाव घेणं सोडलं. स्वतःच्या हौसेपायी आईला टाकून गेलेला पोरगा — असंच तिला वाटायला लागलं होतं.

मला मात्र एक गोष्ट झोपू देत नव्हती. विलासला घरी आणलं तेव्हा त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. नाड्या बांधलेले. अंबाझरी तलावावर पोहायला शिकलेला माझा भाऊ, कपड्यांची घडी घालून ठेवल्याशिवाय पाण्यात न उतरणारा... तो बूट घालून पोहून दाखवेल?

मी हे पोलिसांना विचारलं. "घाईत उतरला असेल बाई," एवढंच उत्तर मिळालं.

वर्षभर मी दिलीपशी गोड बोलले. मग एक दिवस म्हटलं, "दिलीप, विलास गेला तिथं मला फुलं सोडायची आहेत. नेशील?" माझ्यासमोर त्याला नाही म्हणता आलं नाही. सोबतीला माझी मैत्रीण नलिनी आणि तिचा नवरा मधू. सायकली एसटीच्या टपावर टाकून शनिवारी रामटेक गाठलं, मधूच्या मावशीकडे मुक्काम केला आणि सकाळी निघालो. पळस फुलले होते. दिलीप विलासच्याच सायकलवर पुढं होता, शीळ घालत.

काठावर सुकरू नावाचा ढिवर, म्हणजे मासेमारी करणारा, जाळं सुकवत होता. त्याचा डोंगा आम्ही मागून घेतला. लाकडी, अरुंद, चौघं जेमतेम बसू असा. बेटावर उतरलो, फुलं सोडली, डबे खाल्ले. मी दिलीपच्या समोर बसून शांतपणे विचारलं, "विलासच्या पायात बूट कसे होते रे?"

"मले काय माहीत ताई?" तो एकदम उखडला. "वर्ष झालं आता. चला, निघू."

ऊन डोक्यावर होतं. वारा इतका पडलेला की पळसाचं फूल हलत नव्हतं. मधू, नलिनी आणि मी डोंग्यात बसलो. दिलीप दोर धरून ढकलायला मागे थांबला. त्यानं ढकललं नाही, हे मी शपथेवर सांगते. डोंगा आपणहून सरकला. दोर त्याच्या हातातून सुटला आणि आम्ही काठापासून थोड्या अंतरावर जाऊन थांबलो. अगदी स्थिर.

दिलीप हसला. "अबे मधू, घे ना वापस!"

मधूनं वल्हं मारलं. पाणी मागे जात होतं, डोंगा जागचा हलत नव्हता. दिलीप गुडघाभर पाण्यात आला. डोंगा तेवढाच मागे सरला. तो थांबला, डोंगा थांबला. तो कमरेपर्यंत आला, डोंगा आणखी मागे.

"मजाक नको करू मधू!"

"मी काहीच नाही करून राहिलो रे!" मधूचा आवाज चिरकला. नलिनीनं माझा दंड घट्ट धरला.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. प्रवाह असेल, तळाला उतार असेल... मी साडी खोचून छातीएवढ्या पाण्यात उतरले आणि बेटाकडे चालू लागले. मागे वळून पाहिलं तर डोंगा दिलीपला वळसा घालून माझ्या मागून येत होता. गाय दावणीला यावी तसा. मी काठावर पोचले, त्याचं टोक चिखलाला टेकलं.

दिलीप धावला. डोंगा झटक्यात मागे गेला.

मग दिलीपचा धीर सुटला. पाण्यात उभं राहून तो ओरडायला लागला... आमच्याकडे नाही, डोंग्याच्या रिकाम्या टोकाकडे बघून.

"विल्या, मजाक होता गा! मी वापस येऊनच राहिलो होतो!"

मी त्याच्या अगदी शेजारी उभी होते. "कुठून वापस?"

तो माझ्याकडे बघेचना. "पैज लागली होती ताई. बेटाभोवती कोण आधी पोहून येते. जिंकला तो. सगळ्या कॉलनीत सांगन म्हणे. मले राग आला. त्यानं कपडे घातले, बूट घातले, अन् मी डोंगा घेऊन निघालो. थोडं घाबरवाव म्हटलं फक्त. तो पाण्यात आला मागं..."

"आणि?"

"जवळ आला का मी डोंगा पुढं न्यायचो. हसत होतो. मंग कमळाच्या देठांत पाय गुतला त्याचा. मले वाटलं नाटक करून राहिला."

मी त्याला मारलं नाही. मी डोंग्याकडे गेले. तो माझ्यासाठी थांबला होता. आत बसले आणि मधूला म्हटलं, "चल."

"आणि हा?"

"हा इथंच."

आता वल्हं मारताच डोंगा सपकन निघाला. दिलीप गळ्याएवढ्या पाण्यापर्यंत हाका मारत आला, पण विलास बुडाला त्या पाण्यात पोहायची त्याची हिंमत झाली नाही आणि तो मागे फिरला. त्याच्या हाका ऐकून मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा मला श्वास घेता आला.

काठावर मधूनं सुकरूला पाठवलं. आम्ही बघत होतो. तो पट्टीचा वल्हवणारा, पण बेटाच्या जवळ जाऊन त्याचा डोंगा नुसता उभा राहिला. बऱ्याच वेळानं तो घामाघूम होऊन परत आला.

"काठाले लागतच नाही बाई. जन्म गेला माहा या पाण्यात, असं नाही पाह्यलं कधी. मी नाही जात आता."

नलिनी रडत होती. "कुमुद, अंधार पडन वं. भेवानं मरन तो तिथं."

मरू दे, असंच मला वाटत होतं. पण मग डोळ्यांसमोर आई आली. तिच्या तोंडून नाव गेलेला माझा भाऊ आला. मला दिलीप जिवंत हवा होता, आईपुढे उभा करायला. सूर्य झाडांवर टेकला होता. मी सुकरूला कसंबसं तयार केलं आणि त्याच्यासोबत गेले.

दिलीप चिखलात गुडघ्यांवर बसला होता. आमचा डोंगा काठाजवळ येऊन थांबला, टेकला नाही. त्यानं उठायचीही हिंमत केली नाही.

"येऊ देईन का तो मले?"

"आईला सगळं सांगशील? आणि पोलिसांना?"

"सांगतो ताई. शपथ."

मी पाण्याकडे बघून म्हटलं, "विलास, येऊ दे त्याला." हे मी म्हटलं. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईनं. आणि डोंग्याचं टोक हळूच चिखलाला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीपनं आईसमोर सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. शेवटपर्यंत तिनं मान वर केली नाही. तो उठून गेल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मंग याले वापस काहून आणलं वं?"

मी म्हटलं, पोलिसांपुढे सांगणार आहे तो. आई उठली आणि मेथीचे देठ टाकून आली.

पोलिसांपुढे दिलीपनं सगळं नाकारलं. बेटावर एकटा सोडून, घाबरवून आम्ही वदवून घेतलं म्हणाला. मधू-नलिनीनं जबाब दिले, पण वर्षभरानं काय सिद्ध होणार? तो बदली घेऊन निघून गेला. पुढे त्याचं लग्न झालं, मुलं झाली, चांगलं चाललंय असं कानावर यायचं.

मी नंतर त्या तलावावर पुन्हा गेले, सुकरूच्या डोंग्यातून त्या जागेवरून फिरले. प्रवाह शोधला, उतार मोजला. काही मिळालं नाही. एका माणसापासूनच दूर सरणारा डोंगा कुठल्याच नियमात बसत नाही. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मला त्या गोष्टीचं कोडं छळत नाही. छळतं ते एवढंच... त्या पाण्यानं दिलीपला धरून ठेवलं होतं, आणि सोडवून आणलं ते मी.